पिठाच्या डब्यावरचं ताट

नंदुरबार
२० जुलै २०२५

अंकित,

मोठ्या बहिणीने पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायचा असतो. माझा राग अजून उतरलेला नाही, तेव्हा आशीर्वाद शेवटी घे, उरला तर. तू माझा नंबर बंद करून ठेवला आहेस आणि तुझ्या जिजाजींचा, पवनचा फोन उचलत नाहीस. हैदराबादचा हा पत्ता मी तुझ्या शाळेतल्या मित्राचं डोकं खाऊन मिळवला. घरात आपण मारवाडीत भांडायचो, पण लिहिण्याची सवय मराठी शाळेची, म्हणून मराठीत लिहिते आहे. फाडायचं असेल तर वाचून फाड.

पप्पांचं लिव्हर निकामी होत आलंय. पोटात पाणी भरतं, ते सुरतला जाऊन काढावं लागतं. पाय सुजलेले आणि दंड मात्र वाळलेले. सुरतच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की दिवाळीच्या आत दुसरं लिव्हर बसवलं नाही तर पुढचं काही सांगता येणार नाही. दारूचा थेंब नाही, अंडं-मांस तर सोडच, कांदा-लसूणही नाही, सूर्य मावळल्यावर घासाला हात नाही, अशा माणसाचं हे झालं. शहाद्यात कसं पसरायचं ते पसरलंच. दुकानात कापड फाडून घेता घेता एका गिऱ्हाइकाने पप्पांना तोंडावर विचारलं, "शेठ, तुम्ही बी लेतस का काय?" पप्पांनी त्या दिवशी दुपारीच शटर ओढलं आणि तेव्हापासून ते गादीवर बसलेले नाहीत.

डॉक्टर म्हणाले, हे दारूचं नाही, चरबीचं आहे. मी मनात पप्पांचा दिवस आठवून पाहिला. येईल त्या व्यापाऱ्याबरोबर साखरेचा चहा, गादीशेजारी शेवेचा डबा, रविवारी फाफडा-जिलेबी, आणि दिवस मावळायच्या आत घाईघाईने दोन वेळचं एकदम जेवण, बाट्या तुपात बुडवलेल्या. चालणं म्हणजे घर ते दुकान. आपण सगळे याला शुद्ध आहार म्हणत होतो.

लिव्हरचा तुकडा घरच्या माणसाने द्यायचा असतो. देणाऱ्याचं पुन्हा वाढतं, घेणाऱ्याचंही वाढतं. मम्मीला शुगर आहे, ती बाद. माझा रक्तगट जुळला, मी देणार आहे. पण आता हसू नकोस, माझ्याही लिव्हरमध्ये चरबी निघाली. असलं लिव्हर पप्पांना चालणार नाही आणि कापताना मलाही धोका. डॉक्टरांनी सप्टेंबरपर्यंतची मुदत दिलीय. साखर, तळण, मैदा बंद, तूप नावाला, भाकरी-वरण-भाजी मोजकी, आणि रोज घाम येईपर्यंत चालायचं. तेवढ्यात चरबी उतरली तर ऑपरेशन, नाही तर नाही.

तुला कळावं म्हणून लिहिलं. जिमच्या नादात तू किटलीत अंडी उकडलीस, पप्पांना टरफलं सापडली आणि त्यांनी तुला जेवता जेवता ताटावरून उठवलं, हे मी विसरलेले नाही. ताट वेगळं काढा म्हणाले आणि तू त्याच संध्याकाळी बॅग भरलीस. चार वर्षं झाली. मी तुझ्याकडे काहीही मागत नाहीये.

प्रियल


नंदुरबार
६ ऑगस्ट २०२५

अंकित,

तुझं उत्तर नाही, ठीक आहे. मला कुणाशी तरी बोलायचंय आणि तू पत्रात मधे बोलू शकत नाहीस, एवढं पुरे.

या घरात कमी जेवणं हा गुन्हा आहे. माझ्या सासूबाईंना, झमकूबाईंना, तू लग्नात पाहिलंस. बाई जिभेने तिखट आणि हाताने तुपाळ. घरचा धंदा मिरचीचा, त्यामुळे तिखटाचं नवल नाही. मी पोळीवर तूप नको म्हटलं की त्या भाजीत सोडतात, भाजी बाजूला केली की वरणात. मी ताट घेऊन उठले तर म्हणाल्या, सून आमच्या घरात येऊन वाळली असं लोक म्हणतील. मी म्हटलं, लोकांना माझा सोनोग्राफीचा रिपोर्ट दाखवा.

त्यात चातुर्मास. डॉक्टरांच्या कागदावर पालेभाजी, आणि आपल्या घरात आषाढापासून पालेभाजी बंद. आठम-चौदस आली की हिरवं काहीच नाही, नुसती डाळ आणि गट्टे. बेसनाचे गट्टे तुपाशिवाय कसे लागतात ते तू खाऊन बघ. दुधी, गिलकी आणि ताक यांच्यावर माझी भिस्त आहे. संध्याकाळी लवकर जेवणं तेवढं डॉक्टरांना आवडलं, म्हणाले हे सोडू नका.

सकाळी कोरीटच्या रस्त्याने चालते. तिथे रुखमाबाई भेटते, शेतावर जाणारी. पहिल्या दिवशी मला भराभरा चालताना पाहून तिने विचारलं, "काय वो शेठाणी, मांगे कुत्रं लागनं का?" आता रोज थोडा रस्ता माझ्याबरोबर चालते आणि तिच्या मळ्यातली गिलकी पिशवीत कोंबते. दिवसातला तेवढाच वेळ मला बरा जातो.

एक गोष्ट मी आधी लिहिली नव्हती. मी लिव्हर देणार हे सासूबाईंना माहीत नव्हतं. पवनला माहीत होतं, हॉस्पिटलला नवऱ्याची संमती लागते. त्याने मला हो म्हटलं आणि आईला सांगायची वेळ आली की गोदामात जाऊन बसायला लागला. शेवटी मीच सांगितलं. त्यांनी हातातलं तुपाचं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "बापाला मुलगा आहे ना? मग आमच्या घरची सून का कापायची?"

मी आत जाऊन रडले, रागाने. त्यांच्यावर की तुझ्यावर ते मला नक्की सांगता येणार नाही. पवनने सही केलेली नाही अजून.

पप्पांचं सांगते. डॉक्टरांनी त्यांना झोपण्यापूर्वी काही तरी खायला सांगितलंय. रात्रभर पोट रिकामं राहिलं की शरीर स्वतःचं मांस खातं, म्हणून दंड वाळलेत. आणखी वाळले तर ऑपरेशन झेपणार नाही. पप्पा म्हणतात, सातव्या वर्षापासून दिवे लागल्यावर खाल्लेलं नाही, आता मरायला टेकल्यावर खाऊ? मम्मी रोज संध्याकाळी वाटीत मुगाची खिचडी घेऊन बसते आणि सकाळी गाईला घालते. पप्पांना चालेल असं लिव्हर मी तयार करते आहे आणि ते घेणारं शरीर ते स्वतः झिजवतायत. मला कधी कधी त्यांच्यावर ओरडावंसं वाटतं.

प्रियल


नंदुरबार
२२ ऑगस्ट २०२५

अंकित,

अक्षर वाकडं आलंय, पेन नवीन आहे.

पर्युषण सुरू झालं. पवनने सही केली. सासूबाईही नरमल्यात, मला स्वतः उकळलेलं पाणी गार करून देतात, कपाळावरून हात फिरवतात. इतकं प्रेम मला या घरात लग्नानंतर पहिल्यांदाच मिळतंय.

पेनाचं खोटं आहे. मी अठ्ठाई धरली आहे. आठ दिवस अन्नाचा कण नाही, फक्त उकळलेलं पाणी, तेही सूर्य असेपर्यंत. आज तिसरा दिवस. उठलं की खोली थोडी फिरते, बाकी काही नाही.

तू म्हणशील वेडी झाली. पण माझा हिशेब ऐक. महिनाभर दुधी खाऊन माझं वजन जेमतेम हललं होतं. सप्टेंबर तोंडावर आलाय. मधे हे आठ दिवस आले, त्यात पोटात काहीच गेलं नाही तर चरबी कुठे राहणार? आणि तप होईल, त्याचं पुण्य मी पप्पांच्या नावाने सोडीन. पप्पांना फोनवर सांगितलं तर त्यांनी मम्मीला हाक मारून फोनजवळ बोलावलं. म्हणाले, माझ्या पोरीने खानदानाचं नाव काढलं. मी दहावीत तालुक्यात पहिली आले तेव्हाही ते असं बोलले नव्हते. सासूबाईंनी सगळ्या नातेवाइकांना कळवून टाकलंय, सून कापून घेण्यापेक्षा तपस्वी सून त्यांना परवडली.

डॉक्टरांना सांगितलेलं नाही. त्यांना आपल्यातलं काय कळणार? चरबी गेलेली दिसली की तेच विचारतील कशी घालवली.

आज कोरीटच्या रस्त्यावर थोडीच गेले आणि कठड्यावर बसले. रुखमाबाईने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि डोक्यावरची पाटी खाली ठेवली. "माय वो, देवले काय तुन्हा हाडं जोयजेत का?" मी हसले. तिला नाही हसू आलं. मला घरापर्यंत सोडून गेली.

प्रियल


शहादा
२९ ऑगस्ट २०२५

अंकित,

झाली अठ्ठाई. पारणं पप्पांच्या घरी झालं. मुगाच्या पाण्याचा पहिला घोट मम्मीने पाजला. वाजतगाजत महाराजांच्या दर्शनाला उपाश्रयात नेलं, गळ्यात हार, बायका पाया पडत होत्या. सासूबाई माझा हात धरून अशा चालत होत्या की तप त्यांनीच केलं. पप्पा चाकाच्या खुर्चीवर बसून आले होते, सुजलेल्या पायांत चप्पल जात नव्हती म्हणून मोजे घालून. मला पाहून रडले. वजन बरंच उतरलंय, बांगड्या कोपरापर्यंत जातात. मंगळवारी सुरतला तपासणी आहे आणि मला काळजी अशी नाहीच.

संवत्सरीला, पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी, पप्पांनी उपवास केला. डॉक्टरांनी बजावलं होतं, मम्मीने हात जोडले, त्यांनी ऐकलं नाही. आज सकाळी ते मम्मीला तिच्या नावाऐवजी त्यांच्या बहिणीच्या नावाने हाक मारत होते. विचारलं आज वार कोणता, तर नुसते बघत राहिले. औषध दिल्यावर दुपारी ताळ्यावर आले. लिव्हर काम करत नाही तेव्हा घाण डोक्यात चढते, असं डॉक्टरांनी फोनवर सांगितलं. मम्मी देवघरासमोरून उठत नाही.

काल त्यांनी दरवर्षीच्या रिवाजाप्रमाणे सगळ्यांची क्षमा मागितली. एकेकाला फोन लावायला लावला. सुरतचे व्यापारी, शेजारी, दुकान सोडून गेलेला नोकर, ज्याने त्यांना दारूचं विचारलं तो गिऱ्हाईकसुद्धा. मम्मी शेजारी बसून वाट पाहत होती. तुझं नाव घेतलं नाही त्यांनी. मम्मीने हळूच म्हटलं, आणखी कुणी राहिलं का? ते म्हणाले, दमलो.

मी मागते. वर्षभरात जे काही तोडून बोलले असेन, मनात आणलं असेल, त्या सगळ्याबद्दल मिच्छामि दुक्कडम्. पत्रातल्या रागाबद्दल नाही, तो राग खरा आहे.

प्रियल


सुरत
३ सप्टेंबर २०२५

अंकित,

हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये बसून लिहिते आहे. समोर पवन चहा पितोय, साखरेचा, आणि माझ्याकडे बघायचं टाळतोय.

मी नापास झाले. लिव्हरची चरबी गेली नाही, वाढली. सूज आलीय, रक्तातले आकडे कुठल्या कुठे गेलेत. डॉक्टर आधी गोंधळले, त्यांना वाटलं मी चोरून मिठाई खाल्ली. मग मी अठ्ठाईचं सांगितलं. त्यांनी पेन टेबलावर ठेवलं. म्हणाले, आठ दिवस बाहेरून काही मिळालं नाही की शरीर सगळीकडची चरबी ओढून लिव्हरमध्येच आणून टाकतं. हळूहळू, रोज थोडं नीट खाऊनच ती उतरते. महिनाभर ती उतरतच होती ताई, तुम्हाला दिसत नव्हती. एकदा विचारायचं होतं.

एकदा विचारायचं होतं. हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. माझ्या गळ्यात हार घालणाऱ्या कुणालाही वाटलं नाही की विचारावं, आणि मला वाटलं ते मी दाबलं. मला घाई होती. पप्पा खूश झाले होते, त्याचीही मला भूक होती. दुसऱ्यासाठी म्हणून केलं आणि त्यात स्वतःचं कौतुक खात बसले.

मला पुन्हा तयार व्हायला तीन-चार महिने लागतील. पप्पांना ते महिने नाहीत.

मी पहिल्या पत्रात फुशारकी मारली की मी तुझ्याकडे काही मागत नाही. मागते आहे. तुझाही रक्तगट पप्पांचाच आहे, शाळेच्या ओळखपत्रावर होता. त्यांनी तुला काय केलं ते मला माहीत आहे. तू नाही म्हणालास तर मी तुला दोष देणार नाही असं लिहायला हवं, पण मी देईन, आयुष्यभर देईन, म्हणून खोटं लिहीत नाही. पवनचा फोन चालू आहे. हे पत्र कुरिअरने पाठवते आहे.

तुझी बहीण


नंदुरबार
१३ सप्टेंबर २०२५

अंकू,

तू पवनला फोन केलास. माझ्याशी बोलला नाहीस, चालेल. पाठवलेले रिपोर्ट सुरतच्या डॉक्टरांनी पाहिले. रक्तगट जुळतो, लिव्हर स्वच्छ, पुढच्या तपासण्या इथे होतील. पवन म्हणाला, तू फक्त एवढंच विचारलंस की कुठल्या तारखेला यायचं. मी स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला डोकं टेकून उभी राहिले. सासूबाईंनी विचारलं काय झालं, मी सांगितलं. त्यांनी माझ्या पोळीवरचं तूप पुसून काढलं. आता त्या माझ्या ताटावर पहारा ठेवतात, दुसऱ्या टोकाने.

पप्पांना सांगितलं, ते खूप खूश झाले.

नाही, हे मी तुला लिहिणार नाही. खाडाखोड तशीच राहू दे. ते खूश झाले नाहीत. त्यांनी नकार दिला. म्हणाले, ज्या अंगात अंडी गेली त्या अंगाचा तुकडा घालून मला जगायचं नाही, प्रियलचं तयार होईपर्यंत थांबेन. मम्मी म्हणाली, थांबायला वेळ कुठे आहे? ते म्हणाले, मग वेळ संपला.

मी शहाद्याला होते तेव्हा. माझं डोकं फिरलं. मी स्वयंपाकघरात गेले. तुझं ताट कुठे आहे तुला माहीत आहे? मम्मीने ते कधी टाकलंच नाही. पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून पालथं ठेवलंय, चार वर्षं. रोज पीठ घ्यायला उचलते आणि परत ठेवते. टिंबाटिंबांनी कोरलेलं 'अंकित' पिठाने भरलेलं. मी ते घासलं, माझी ज्वारीची भाकरी आणि दुधी त्यात वाढून घेतला, आणि पप्पांच्या पलंगासमोर जमिनीवर बसून जेवले.

म्हटलं, पप्पा, माझ्या पोटात आयुष्यात अंडं गेलेलं नाही. माझं शुद्ध लिव्हर तुम्हाला चाललं नाही. तुम्ही ज्या तपासाठी रडलात, त्याने ते बिघडलं. आता हे ताट बाटलेलं असेल तर मीही बाटले, माझंही वेगळं काढा.

ते बघत होते. मला वाटलं ओरडतील. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मी एकेक घास गिळत राहिले. मम्मी दारात उभी होती. मी जेवून ताट धुतलं तेव्हा तिने ते पुसलं आणि पुन्हा पिठाच्या डब्यावर ठेवलं, पालथं.

तिकीट काढलं असशील तर रद्द करू नकोस. डॉक्टर रुग्णाच्या संमतीशिवाय हात लावणार नाहीत, ते बरोबरच आहे. तरी रद्द करू नकोस. हे मी तुझ्यापासून लपवायला हवं होतं, पण तू इथे दारात आल्यावर तुला कळलं असतं तर तू दुसऱ्यांदा ताटावरून उठला असतास.

प्रियल


शहादा
२१ सप्टेंबर २०२५

अंकू,

हे पत्र तुला मिळेपर्यंत तू गाडीत असशील कदाचित. फोन करू शकले असते, आता तू उचलतोस. पण हे मला फोनवर सांगता येणार नाही, मधेच रडू येईल.

माझं तेव्हाचं बोलणं ऐकून पप्पा काही दिवस कुणाशीच बोलले नाहीत. परवा पुन्हा पोटातलं पाणी काढलं. डॉक्टरांनी त्यांचे दंड चाचपून पाहिले आणि म्हणाले, असं राहिलं तर मुलगा आला तरी मला ऑपरेशन करता येणार नाही. पप्पांनी मान हलवली नाही. परतीच्या वाटेवर गाडीत डोळे मिटून होते, मला वाटलं पुन्हा भ्रम झाला.

काल संध्याकाळी मम्मीने नेहमीप्रमाणे दिवे लावले आणि नेहमीप्रमाणे खिचडीची वाटी आणून पलंगाशी ठेवली. रोज ती आशा नसतानाही ठेवते. मी कोपऱ्यात त्यांची औषधं लावत होते. पप्पा म्हणाले, "वाटी नको. अंकितचं ताट आण."

मम्मी गडबडली. म्हणाली, कुठलं ताट? ते म्हणाले, "पिठाच्या डब्यावरचं. इतकी वर्षं मला काय दिसत नव्हतं?"

मम्मी आत गेली ती लवकर आलीच नाही. मी जाऊन पाहिलं तर ओट्याला धरून उभी होती, पदर तोंडात धरून. ताट मीच घासलं. खिचडी वाढली, मीठ जवळजवळ नाही, तुपाचा वास नाही, बाजूला दुधी. पप्पांना उठवून बसवलं, ताट मांडीवर ठेवलं. त्यांनी बोटाने तुझ्या नावावरचा दाणा बाजूला केला.

मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "अंड्याचं नव्हतं ग ते. ज्याला भरल्या ताटावरून उठवलं, त्याच्याकडे कुठल्या तोंडाने मागू?"

आठवडाभर मी त्यांच्यावर ज्या गोष्टीसाठी चिडले होते ती गोष्टच नव्हती ती. घराबाहेर पूर्ण अंधार पडला होता, शेजारच्या घरात टीव्ही चालू होता, आणि आपले पप्पा दिवे लागल्यावर जेवत होते. प्रत्येक घास उचलताना थांबायचे, मग डोळे मिटून घ्यायचे. पण थांबले नाहीत. सगळं संपवलं. मम्मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसून राहिली आणि एकटक बघत राहिली, मला तिची नजर पाहवेना.

आज सकाळी त्यांनी संमतीच्या कागदावर सही केली. वाकडी आलीय, पण सही त्यांचीच आहे. तू आलास की पुढच्या तपासण्या, आणि सगळं ठीक निघालं तर दसऱ्यानंतर ऑपरेशन. मला भीती वाटते अंकू. तुझी जास्त वाटते. पवनला म्हटलं तर तो म्हणाला, आता भीती वाटून घे, तो आल्यावर दाखवू नकोस. तेव्हा इथेच लिहून टाकते.

आल्यावर रुसू नकोस, मला टोमणे मार हवे तेवढे. माझ्यासाठी तिकडून मिठाई आणू नकोस, अजून मला साखर बंद आहे. आशीर्वाद उरलाय, तो घे.

आणि एक. काल जेवून झाल्यावर पप्पांनी ताटात हात धुतले, माझ्या हातातला टॉवेल घेतला आणि तो तोंडाशीच धरून बसले. मग त्याच्या आडून विचारलं,

"तिकडे तो नीट जेवतो का?"

मी सांगितलं, मला माहीत नाही, येईल तेव्हा तुम्हीच विचारा.

तुझी ताई